एआयचा पैसा अमेरिकेत, हिशेब सोलापुरात : मोबाईल, मोटार, एसआयपी आणि उसाच्या टनेजपर्यंत पोहोचलेली गुंतवणूक

सोलापूर : मोबाईलच्या दुकानात गेलं की दुकानदार हल्ली एकच सांगतो, 'वरूनच रेट वाढलाय.' ते खोटं नाही. फोनमधली मेमरी चिप जगात मुख्यतः तीनच कंपन्या बनवतात : कोरियाच्या सॅमसंग आणि एसके हायनिक्स, अमेरिकेची मायक्रॉन. २०२५ च्या शेवटी शेवटी या तिघांच्या मालाला एआयच्या डेटा सेंटरकडून एवढी मागणी आली की साध्या फोन-कॉम्प्युटरच्या चिपचे भाव झपाट्याने चढले. डिसेंबरमध्ये मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकासाठीचा 'क्रूशियल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. डेटा सेंटरवाला जास्त पैसे मोजतो, म्हणून माल तिकडे. बाजार समितीत मोठा व्यापारी उतरला की किरकोळवाल्याला माल महाग पडतो, तसलाच प्रकार.

एआय म्हणजे आर्टिफिशियल इंटेलिजन्स, कृत्रिम बुद्धिमत्ता. तिच्यावर चाललेल्या खर्चाच्या बातम्या टीव्हीवर रोज येतात आणि करमाळ्यात, सांगोल्यात बसलेल्या माणसाला वाटतं, हे आपल्या कामाचं नाही. पण हा पैसा एवढा मोठा आहे की त्याची लाट अक्कलकोटपर्यंत येतेच. कुठून कशी येते, ते कळलं की निदान फसायला होत नाही.

आकडा केवढा आहे?

ॲमेझॉन, मायक्रोसॉफ्ट, गुगल आणि फेसबुकवाली मेटा या चार कंपन्यांनी २०२५ या एका वर्षात यंत्रं, इमारती, वीज-व्यवस्था यावर मिळून साडेतीनशे अब्ज डॉलरहून जास्त खर्च केला. त्यातला बहुतेक एआयसाठी. रुपयात मांडला तर ३० लाख कोटींच्या पुढे जातो. भारत सरकारचं २०२५-२६ चं सगळं बजेट साधारण ५० लाख ६५ हजार कोटींचं. म्हणजे रेल्वे, सैन्य, खत-रेशनची सबसिडी, पगार, पेन्शन सगळं धरून देश वर्षभरात जेवढा खर्च करतो, त्याच्या निम्म्याहून जास्त पैसा चार खासगी कंपन्यांनी घातला.

या खर्चाने अमेरिकेची अर्थव्यवस्था वर धरली. हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ जेसन फर्मन यांनी मांडलेला हिशेब जगभर गाजला : कॉम्प्युटर-सामग्री आणि सॉफ्टवेअरवरची गुंतवणूक तिथल्या अर्थव्यवस्थेत जेमतेम ४ टक्के, पण २०२५ च्या पहिल्या सहा महिन्यांतल्या वाढीतला ९२ टक्के वाटा तिचा. ती काढली तर वाढ जवळपास शून्य. यावर वाद आहे. या सामानातलं बरंच बाहेरून आयात होतं, आणि हा पैसा इथे लागला नसता तर दुसरीकडे लागला असता, असं काही जण म्हणतात. ते धरूनही एवढं नक्की, की जगातली सगळ्यात मोठी अर्थव्यवस्था सध्या एका खांबावर बराच भार टाकून उभी आहे.

एआयच्या चिपा बनवणारी एनव्हिडिया ही कंपनी ऑक्टोबर २०२५ मध्ये ५ लाख कोटी डॉलर किमतीची झाली. असा टप्पा गाठणारी ती पहिलीच. तुलनेसाठी, भारताचं वर्षभराचं एकूण उत्पन्न ४ लाख कोटी डॉलरच्या आसपास आहे. शेअर बाजारातली किंमत आणि देशाचं उत्पन्न या दोन वेगळ्या गोष्टी, पण अंदाज यावा म्हणून.

गावातल्या एसआयपीचं काय?

हा प्रश्न आता गावात खरोखर विचारला जातो. शिक्षक, ग्रामसेवक, दूध संस्थेचा सचिव, गाळा काढलेला दुकानदार, कितीतरी जणांची महिन्याला हजार-दोन हजारांची एसआयपी सुरू आहे. देशभरातून एसआयपीने दरमहा जमणारा पैसा २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये २९ हजार कोटींच्या पुढे गेला होता.

२०२५ मध्ये परदेशी गुंतवणूकदारांनी भारतीय शेअर बाजारातून दीड लाख कोटी रुपयांहून जास्त काढून नेले. कारणं बरीच. शेअर महाग होते, अमेरिकेने ऑगस्टमध्ये भारतीय मालावर ५० टक्के टॅरिफ लावलं. त्यात एक कारण एआयचं होतं. या लोकांना एआयच्या कंपन्यांत पैसा घालायचा होता आणि भारतात चिपा बनवणारी तशी मोठी कंपनीच नाही. तो पैसा अमेरिका, तैवान, कोरियाकडे वळला. कोरियाचा निर्देशांक त्या वर्षात ७५ टक्क्यांच्या आसपास वाढला. आपला निफ्टी १० टक्क्यांच्या आसपास. आणि आपल्याकडची जी कंपन्यांची फळी कॉम्प्युटरची म्हणून ओळखली जाते, त्या आयटी शेअरचा निर्देशांक उलट खाली आला.

मग बाजार कोसळला का नाही? परदेशवाले विकत होते तेव्हा इथले म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्या घेत होत्या. त्यांच्याकडे पैसा कुठून आला? बार्शीच्या आणि माळशिरसच्या एसआयपीतून. गावाकडचा हजार रुपयाचा हप्ता परदेशी फंडाचा माल उचलत होता, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण झालं तसंच.

डॉलर बाहेर गेले की रुपया घसरतो. डिसेंबर २०२५ मध्ये एका डॉलरला ९० रुपयांच्या वर मोजावे लागले. त्यामागे टॅरिफचा वाटा मोठा, पण बाहेर गेलेल्या गुंतवणुकीचाही आहे. रुपया घसरल्याचा फटका शेअर नसलेल्यालाही बसतो. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलातलं निम्म्याहून जास्त आयात होतं. पोटॅश पूर्ण आयात. डिझेलचं कच्चं तेल आयात. ज्यानं आयुष्यात डिमॅट खातं उघडलं नाही त्याच्या किराण्याच्या यादीतही हा हिशेब बसतो.

जळालेली मोटार आणि तांबं

शेतातली मोटार जळाली की रिवाइंडिंगवाल्याकडे न्यायची. त्याचं बिल कशावर ठरतं? तांब्याच्या तारेवर. डिसेंबर २०२५ मध्ये तांब्याचा जागतिक भाव टनाला १२ हजार डॉलरच्या पुढे गेला, तोपर्यंतचा विक्रम. इंडोनेशियातल्या ग्रासबर्ग खाणीत सप्टेंबरमध्ये चिखलगाळ घुसून काम थांबलं, अमेरिकेत टॅरिफच्या भीतीने साठे झाले, इलेक्ट्रिक गाड्यांना तांबं लागतं, आणि डेटा सेंटरलाही लागतं. केबल, ट्रान्सफॉर्मर, थंड करायची यंत्रणा, सगळीकडे तांबं. सगळा दोष एआयचा म्हणता येणार नाही. पण साडेसात एचपीच्या मोटारीचं बिल आणि अमेरिकेतली डेटा सेंटरची शर्यत एकाच बाजारात भाव ठरवतात, हे खरं आहे.

फुगा आहे का?

मोठमोठ्या लोकांचं यावर एकमत नाही. जानेवारी २०२५ मध्ये चीनच्या डीपसीक कंपनीने कमी खर्चातलं एआय आणलं आणि एका दिवसात एनव्हिडियाची बाजारकिंमत जवळपास ६०० अब्ज डॉलरने खाली आली. नंतर सगळं भरून निघालं आणि शेअर त्याच्याही वर गेला. एवढी घबराट आणि एवढी घाई एकाच वर्षात दिसणं, हे बाजार नीट शांत असल्याचं लक्षण नाही.

सोलापूरला या गोष्टीचा एक जुना अनुभव आहे, पुस्तकात गेलेला. १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं, तिथला कापूस बंद झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैसा एवढा आला की लोक मिळेल त्या कंपनीचे शेअर घ्यायला लागले. समुद्र भरून जमीन करणार म्हणणाऱ्या बॅकबे रेक्लमेशन कंपनीचा शेअर तर मूळ किमतीच्या दहापटीवर गेला. प्रेमचंद रायचंद हे त्या काळाचे बाजाराचे राजे. १८६५ ला युद्ध संपलं, कापसाचा भाव पडला आणि सगळा डोलारा खाली आला. बँका बुडाल्या, घराणी रस्त्यावर आली.

पण त्याच काळात, १८६० मध्ये, रेल्वे सोलापूरला पोहोचली होती. बाजार कोसळला तरी रूळ जागेवर राहिले. त्याच रुळांच्या जोरावर १८७७ मध्ये सोलापुरात पहिली कापड गिरणी निघाली, जिला सोलापूरकर आजही 'जुनी मिल' म्हणतात. पुढे गिरण्या वाढल्या, तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, चादर आली, टॉवेल आला. शेअर घेणारे बुडाले, गाव मात्र उभं राहिलं.

एआयबद्दल आशा बाळगणारे नेमकं हेच उदाहरण देतात. फुगा फुटला तरी मागे काहीतरी कामाचं राहील, म्हणतात. अर्धं बरोबर आहे. रूळ पन्नास वर्षं टिकतात. एआयची चिप मात्र चार-सहा वर्षांत जुनी होते, तेवढ्यात तिच्यापेक्षा वेगवान दुसरी येते. इमारत राहील, वीजवाहिनी राहील, शिकलेलं तंत्र राहील. पण ज्यावर सगळ्यात जास्त पैसा लागला, ते यंत्रच लवकर भंगारात जाणारं आहे. कंपन्यांना कमवायला वेळ थोडा आहे, हा खरा धोका.

दुसरी आठवण जवळची. २००० साली इंटरनेटच्या कंपन्यांचा असाच बोलबाला होता. अमेरिकेचा नॅस्डॅक निर्देशांक मार्च २००० च्या उंचीवरून अडीच वर्षांत तीन-चतुर्थांशाहून जास्त पडला आणि ती उंची परत गाठायला २०१५ उजाडलं. आपल्याकडे त्याची झळ 'यूएस-६४' ला बसली. युनिट ट्रस्टची ही योजना म्हणजे सरकारी ठेवीसारखीच, असं समजून मास्तरांपासून पेन्शनरांपर्यंत सगळ्यांनी पैसे ठेवले होते. पडलेल्या बाजारात, त्यातही टेक्नॉलॉजीच्या शेअरमध्ये, तिचे हात पोळले आणि जुलै २००१ मध्ये युनिटची खरेदी-विक्री सहा महिन्यांसाठी थांबवली गेली. गावातल्या साठीच्या पुढच्या माणसाला विचारा, त्याला 'यूएस-६४' अजून आठवत असेल. इंटरनेट खरंच आलं, आज ते प्रत्येकाच्या खिशात आहे. पैसे घालणाऱ्यांतले बरेच मात्र ते येईपर्यंत संपले होते.

एसआयपी बंद करायची की नाही, याचं उत्तर प्रत्येकाच्या गरजेवर आहे. पुढच्या वर्षी लेकीचं लग्न असेल, विहीर पाडायची असेल, तर तो पैसा शेअर बाजारात ठेवण्यात आत्ता अर्थ नाही. दहा-पंधरा वर्षांसाठीचा हप्ता बाजार पडल्यावर बंद करणारे मात्र हमखास तोट्यात जातात, कारण स्वस्तात मिळायची वेळ आली की तेच पळतात.

हुतात्मा एक्स्प्रेसमधली चिंता

जिल्ह्यासाठी सगळ्यात मोठा मुद्दा शेअरचा नाही, नोकरीचा आहे. सोलापूर, पंढरपूर, केगावच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतून बाहेर पडलेलं पोरगं हिंजवडीला जातं, तीन-चार वर्षांत घरी पैसे पाठवायला लागतं, गावात स्लॅब पडतो, शेतात ड्रीप येतं, धाकट्याची फी भरली जाते. माढा-मोहोळच्या कितीतरी घरांची अर्थव्यवस्था उसाच्या बिलाइतकीच या पगारावर चालते. हुतात्मा एक्स्प्रेस शनिवार-रविवारी भरून येते ती याच पोरांनी.

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार लोक, म्हणजे मनुष्यबळाच्या २ टक्के, कमी करत असल्याचं सांगितलं. एआयमुळे नव्हे, कौशल्य जुळत नसल्यामुळे, असं कंपनीचं म्हणणं होतं. ते मान्य केलं तरी चित्र बदलत नाही. भारतीय आयटीचा धंदा माणसांच्या संख्येवर वाढला : जेवढं काम जास्त तेवढी माणसं जास्त. साधा कोड लिहिणं, तपासणं, ग्राहकांच्या तक्रारींना उत्तर देणं, ही कामं एआय करायला लागलंय. आणि नेमकी हीच कामं नवीन पोरांना पहिली दोन वर्षं देतात. जिन्याची पहिली पायरीच काढून घेतल्यासारखं झालंय.

ॲडमिशनच्या कॅप राउंडला यंदाही 'एआय अँड डेटा सायन्स' नावाच्या शाखेकडे पालकांचा ओढा असेल. शाखेचं नाव नवीन असलं म्हणजे शिकवणारा नवीन असतो असं नाही. कॉलेज निवडताना प्लेसमेंटचा बोर्ड बघतात, तो गेल्या वर्षी पास झालेल्यांचा आहे का चार वर्षांपूर्वीचा, एवढं तरी विचारावं. शेती, साखर, कापड, विजेचं काम, दवाखाना यातलं एक क्षेत्र नीट कळणारा आणि त्यात एआय वापरणारा पोरगा टिकेल, असं जाणकार सांगतात. ते पटण्यासारखं आहे. नुसतं एआय येणारे लाखात आहेत.

डेटा सेंटर येतायत, पण कुठे?

भारतातही पैसा येतोय. ऑक्टोबर २०२५ मध्ये गुगलने विशाखापट्टणमसाठी १५ अब्ज डॉलर जाहीर केले, डिसेंबरमध्ये मायक्रोसॉफ्टने देशासाठी १७.५ अब्ज. महाराष्ट्रात जानेवारी २०२५ च्या दावोस दौऱ्यात ॲमेझॉनबरोबर ८.३ अब्ज डॉलरचा करार झाला. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेतली निम्म्याच्या आसपास मुंबई-नवी मुंबईत आहे, कारण समुद्रातल्या केबल तिथे किनाऱ्याला लागतात. सोलापूरला त्यातलं थेट काही नाही. आणि डेटा सेंटर म्हणजे गिरणी नव्हे. बांधताना हजारो मजूर लागतात, चालू झाल्यावर शे-दोनशे माणसांत काम भागतं. वीज मात्र भरपूर लागते. ती कुठून येते? दक्षिण सोलापुरातल्या फताटेवाडीच्या एनटीपीसी प्रकल्पात १,३२० मेगावॉट वीज तयार होते, पाणी उजनीचं जातं. तिथली वीज थेट नवी मुंबईच्या डेटा सेंटरला जाते असं नाही, वीज ग्रीडमध्ये एकत्र मिसळते. पण ग्रीडवरची मागणी वाढली की नवी वीज, नव्या लाइन, आणि त्यांचा खर्च, हे सगळ्यांच्या वाट्याला येतं. करार करताना नोकऱ्यांचा आकडा मोठ्याने सांगितला जातो, विजेचा आणि पाण्याचा हळू आवाजात.

उसात मात्र हिशेब मांडता येतो

आता फायद्याची बाजू. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टने मायक्रोसॉफ्ट आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या साथीने उसात एआयचा प्रयोग केला. पहिल्या टप्प्यात हजार शेतकरी. रानात सेन्सर, शेजारी हवामान केंद्र, वरून उपग्रहाचं चित्र, आणि मोबाईलवर सल्ला : आज पाणी किती, खत कुठल्या भागात, कीड कुठे दिसतेय. मायक्रोसॉफ्टचे प्रमुख सत्या नडेला यांनी २०२५ च्या सुरुवातीला त्याचं कौतुक केलं आणि बारामती जगभर गेली. जून २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने 'महाॲग्री-एआय' धोरण मंजूर करून पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले.

उत्पादनात ४० टक्क्यांपर्यंत वाढ, पाण्यात निम्म्यापर्यंत बचत, असे दावे आहेत. निवडक रानातले आकडे जिल्हाभर तसेच येत नसतात, हे शेतकऱ्याला सांगायला नको. म्हणून हिशेब उलटा करून बघावा.

वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आणि बारामतीच्या ट्रस्टच्या योजनेत हेक्टरी खर्च २५ हजार रुपये धरलाय. त्यातले ९,२५० व्हीएसआय देणार, ६,७५० कारखाना, आणि ९,००० शेतकरी. म्हणजे शेतकऱ्याला एकरी ३,६००. तोडणी-वाहतूक जाऊन समजा टनाला २,८०० रुपये हातात पडले, तर एकरी सव्वा-दीड टन ऊस जादा निघाला की पैसे वसूल. ४० टक्के सोडा, ५ टक्के वाढ झाली तरी भागतं. पण अनुदान संपल्यावर पूर्ण १० हजार एकरी शेतकऱ्यावर आले तर साडेतीन टनाहून जास्त वाढ हवी. एकरी ३५ टन काढणाऱ्याला ती दहा टक्के पडते. तेव्हा प्रश्न विचारायचा तो हाच : अनुदान किती वर्षं?

आणखी दोन अडचणी. पाटाने पाणी देणाऱ्या रानात एआयचा सल्ला कागदावरच राहतो. मोजून पाणी द्यायचं तर ड्रीप पाहिजे आणि वेळेवर वीज पाहिजे. दुसरी, टनेज वाढलं आणि बिल थकलं तर उपयोग काय? उशिरा मिळणारं बिल हे जिल्ह्याचं जुनं दुखणं आहे. २०२५-२६ ची एफआरपी १०.२५ टक्के उताऱ्याला टनाला ३,५५० झाली, पण साखरेची किमान विक्री किंमत फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये ठरली ती २०२५ संपेपर्यंत तीच. ही गाठ कुठलाही सेन्सर सोडवत नाही.

पाण्याची बचत मात्र इथे टनेजपेक्षा महत्त्वाची ठरू शकते. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेली होती, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेच्या पुरात माढा, करमाळा, मोहोळ तालुक्यांतली रानं वाहून गेली. एवढ्या टोकाच्या हवामानात आगाऊ अंदाजाची किंमत मोठी. २०२५ च्या खरिपात केंद्राच्या कृषी खात्याने एआयवर काढलेला मान्सूनचा अंदाज १३ राज्यांतल्या ३ कोटी ८० लाख शेतकऱ्यांना एसएमएसने पाठवला. मध्येच पाऊस जवळपास वीस दिवस अडकणार, हे त्यात आधी आलं होतं. त्याला ना सेन्सर लागला, ना ९ हजार. अब्जावधी डॉलरच्या या सगळ्या खेळात कोरडवाहू मंगळवेढ्याला सगळ्यात आधी उपयोगी पडेल अशी गोष्ट बहुधा हीच, एक फुकटचा मेसेज.

आणि एक मेसेज टाळायचा

एआयच्या नावाने आणखीही मेसेज येतात. 'एआय रोबोट ट्रेडिंग करतो, महिन्याला २० टक्के', 'व्हॉट्सॲप ग्रुपला जॉइन व्हा'. नारायण मूर्ती, अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांचे बनावट व्हिडिओ करून अशा जाहिराती फिरल्या आहेत. चेहरा त्यांचा, आवाजही त्यांचाच वाटतो, पण सगळा एआयने केलेला. पहिले पाच हजार टाकले की ॲपवर सात हजार दिसतात, काढताही येतात. मग पन्नास हजार टाकले की ॲप बंद. महिन्याला ठरावीक परतावा देईन असं सेबीकडे नोंदणी असलेला कोणीही सांगू शकत नाही, कायद्यानेच बंदी आहे. सल्लागाराचा नोंदणी क्रमांक सेबीच्या वेबसाइटवर शोधता येतो. पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करायचा. पहिल्या काही तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी गोठवता येतात. दोन दिवस लाजेने गप्प बसलं की ते सात-आठ खात्यांतून फिरून गेलेले असतात.